शाळकरी मुलींचा भ्रमणध्वनी वापर आणि प्रौढांची भूमिका : जवाहरनगर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर ही वसाहत आयुध निर्माणीच्या निमित्ताने उभी राहिली. नागपूर आणि भंडारा यांच्या दरम्यान, मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गाच्या परिसरात वसलेल्या या भागात तीन प्रकारचे समाजजीवन शेजारी शेजारी नांदते. निर्माणीच्या वसाहतीतील नोकरदार कुटुंबे, ठाणा पेट्रोल पंप येथील व्यापारी वस्ती आणि शहापूर, सावरी यांसारखी शेतीवर विसंबलेली गावे. या तिन्ही वस्त्यांतील मुली शाळा-महाविद्यालयात एकत्र येतात. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींपैकी एकीच्या हाती स्वतःचा भ्रमणध्वनी असतो, तर दुसरीला वडील संध्याकाळी घरी परतेपर्यंत वाट पाहावी लागते. शिक्षकाने समूहावर पाठविलेला अभ्यास मात्र दोघींसाठी एकच असतो.

हा फरक केवळ आर्थिक परिस्थितीचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ज्या घरात मुलाला दहावीनंतर लगेच भ्रमणध्वनी मिळतो, त्याच घरात मुलीला तो पदवीच्या दुसऱ्या वर्षीही मिळत नाही, तेव्हा पैशाचे कारण अपुरे ठरते. मुलीच्या हाती हे साधन केव्हा द्यावे, कोणासमोर वापरू द्यावे, कोणत्या वेळी काढून घ्यावे, याविषयीचे निर्णय प्रौढ घेत असतात. हे प्रौढ म्हणजे केवळ आई-वडील नव्हेत. भाऊ, काका, मामा, शेजारी, शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, ग्रामसभा आणि कायदे करणारी संसद या सर्वांचा त्यात वाटा असतो.

विकसनशील देशांतील शाळकरी मुलींच्या भ्रमणध्वनी वापराला प्रौढ व्यक्ती व संस्था कसा आकार देतात, या प्रक्रियेचा मुलींच्या शिक्षणावर व सुरक्षिततेवर कोणता परिणाम होतो आणि महाविद्यालयीन अध्यापकांनी त्यातून कोणता बोध घ्यावा, या तीन प्रश्नांचा विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

मालकी, उपलब्धता आणि वापर

या विषयाची चर्चा करताना 'मुलीकडे मोबाइल आहे की नाही' असा एकच प्रश्न विचारला जातो. तो पुरेसा नाही. मालकी, उपलब्धता आणि वापर या तीन बाबी परस्परांपासून भिन्न आहेत.

मालकी म्हणजे साधन स्वतःचे असणे. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. भारतातील दूरसंचार नियमांनुसार १८ वर्षांखालील व्यक्तीच्या नावे सिमकार्ड दिले जात नाही. म्हणजे शाळकरी मुलीचा क्रमांक, तो तिच्याच हाती असला तरी, कायद्याच्या दृष्टीने कोणातरी प्रौढाच्या नावावर असतो. मालकीच्या पहिल्याच पायरीवर प्रौढाची संमती अनिवार्य ठरते. हा नियम मुलगा व मुलगी यांत भेद करीत नाही. भेद होतो तो संमती देताना.

उपलब्धता म्हणजे घरातील साधन गरजेच्या वेळी हाती येणे. घरी एकच स्मार्टफोन असेल आणि तो वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर ते घर आकडेवारीत 'स्मार्टफोन असलेले घर' म्हणून नोंदले जाते, पण दुपारी अभ्यासाला बसलेल्या मुलीच्या दृष्टीने ते भ्रमणध्वनी नसलेलेच घर असते.

वापर म्हणजे साधन हाती आल्यावर त्यावर काय करता येते. आईच्या समोर बसून, पडदा सर्वांना दिसेल अशा रीतीने दहा मिनिटे वापरलेला भ्रमणध्वनी आणि निवांतपणे तासभर वापरलेला भ्रमणध्वनी हे एकच साधन असूनही दोन वेगळे अनुभव आहेत. पहिल्यात उत्तर शोधता येते. दुसऱ्यात प्रश्न शोधता येतो, चुकता येते आणि चूक दुरुस्त करून शिकता येते.

उपलब्ध आकडेवारीचा अर्थ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५३.९ टक्के स्त्रियांकडे त्या स्वतः वापरत असलेला भ्रमणध्वनी होता. त्यापूर्वीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ४५.९ टक्के होते. याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी आणि सुमारे ६१ टक्के पुरुषांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. प्रगत म्हणविणाऱ्या राज्यातील हे अंतर लक्षणीय आहे.

'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयोगटातील युवकांचा अभ्यास करण्यात आला. सुमारे ९० टक्के युवकांच्या घरी स्मार्टफोन होता आणि जवळजवळ तेवढ्यांनाच तो वापरता येत होता. परंतु ज्यांना तो वापरता येतो, त्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता, तर मुलींच्या बाबतीत हे प्रमाण १९.८ टक्के होते. २०२४ च्या 'असर' अहवालात १४ ते १६ वयोगटासाठी हेच आकडे अनुक्रमे ३६.२ आणि २६.९ टक्के असे आहेत. दोन्ही अहवालांतील वयोगट व व्याप्ती भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करणे उचित नाही. तथापि दोन्हींतून एकच गोष्ट स्पष्ट होते. साधन घरात पोहोचले आहे, ते मुलीच्या नावे पोहोचलेले नाही.

याच सर्वेक्षणांतील आणखी एक निरीक्षण अधिक विचार करण्याजोगे आहे. समाजमाध्यमांवर आपले खाते खासगी ठेवणे, त्रास देणाऱ्या व्यक्तीस अवरुद्ध करणे किंवा तिची तक्रार करणे, परवलीचा शब्द बदलणे या सुरक्षिततेच्या बाबी मुलांच्या तुलनेत मुलींना कमी माहीत असल्याचे आढळले. दक्षिणेकडील काही राज्यांत मुली डिजिटल कौशल्यांत मुलांच्या बरोबरीने किंवा त्यांच्याही पुढे होत्या. यावरून हे अंतर मुलींच्या क्षमतेचे नसून त्यांना मिळणाऱ्या संधीचे आहे, असे म्हणता येते. सुरक्षिततेच्या कारणास्तव ज्यांना साधनापासून दूर ठेवले जाते, त्याच सुरक्षिततेच्या बाबतीत सर्वांत कमी तयार असतात, हा या प्रश्नातील मूलभूत विरोधाभास होय.

ही स्थिती केवळ भारताची नाही. भ्रमणध्वनी उद्योगाच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे जीएसएमएच्या २०२४ च्या अहवालानुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत स्त्रियांनी मोबाइल इंटरनेट वापरण्याची शक्यता पुरुषांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी होती. दक्षिण आशियात हे अंतर ३१ टक्के इतके होते. 'गर्ल इफेक्ट' आणि व्होडाफोन फाउंडेशन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या बहुदेशीय अभ्यासात मुलांकडे स्वतःचा फोन असण्याची शक्यता मुलींच्या दीडपट असल्याचे दिसून आले. मुली मोठ्या प्रमाणावर दुसऱ्याचा, विशेषतः आईचा किंवा घरातील अन्य व्यक्तीचा फोन मागून वापरतात, हेही त्या अभ्यासाने नोंदविले. मागून वापरणे हाच मुलींच्या वापराचा प्रमुख प्रकार असेल, तर देणाऱ्याचा विचार केल्याशिवाय वापराचा विचार पूर्ण होऊ शकत नाही.

घरातील प्रौढ

घरातील प्रौढांच्या भूमिका सामान्यतः चार प्रकारच्या असतात : साधन देणारा, परवानगी देणारा, देखरेख ठेवणारा आणि शिकविणारा. बहुतेक घरांत पहिली भूमिका वडिलांकडे असते. फोन विकत घेणे, क्रमांक नावावर करणे आणि दरमहा रिचार्ज करणे हे खर्चाचे निर्णय त्यांचे असतात. दुसरी भूमिका प्रत्यक्ष व्यवहारात आईकडे येते. 'आधी काम आटप, मग मोबाइल' हे वाक्य मुलींना मुलांपेक्षा अधिक वेळा ऐकावे लागते, कारण संध्याकाळच्या ज्या तासाला फोन घरी येतो, तोच तास स्वयंपाकाचाही असतो. त्यामुळे मुलीचा भ्रमणध्वनीवरील वेळ कोणी मुद्दाम हिरावला नाही, तरी घरकामाच्या वाटणीतून तो आपोआप कमी होतो.

तिसरी भूमिका पुष्कळदा भावाकडे जाते, मग तो वयाने लहान का असेना. बहिणीचे संदेश तपासणे, तिच्या संपर्कयादीतील नावांविषयी विचारणा करणे हा त्याचा अधिकार मानला जातो. त्याचे संदेश तपासण्याचा अधिकार बहिणीला असल्याचे मात्र कोणी मानत नाही. येथे वयाचा किंवा समजेचा प्रश्न उरत नाही. केवळ मुलगा असणे एवढ्यावरच देखरेखीची पात्रता ठरते.

चौथी, म्हणजे शिकविणाऱ्याची भूमिका बहुतांश घरांत रिकामी असते. ज्या मातांनी स्वतः इंटरनेट फारसे वापरलेले नाही, त्या मुलीला धोका कसा ओळखावा हे सांगू शकत नाहीत. धोका आहे एवढेच त्या सांगू शकतात. उलट अनेक घरांत मुलगीच आईला व्हिडिओ कॉल करून देते, गॅसचा क्रमांक नोंदवून देते, बँकेचा संदेश वाचून दाखविते. ज्या मुलीच्या ज्ञानावर घर विसंबून असते, तिच्याच विवेकावर घराचा विश्वास नसतो. या विसंगतीची जाणीव मुलींना असते, ती बोलून दाखविण्याची सोय मात्र नसते.

हार्वर्ड केनेडी स्कूलच्या संशोधकांनी भारतातील स्त्रियांच्या भ्रमणध्वनी वापराविषयी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन सामाजिक अडसर प्रामुख्याने मांडले आहेत. अविवाहित मुलीच्या बाबतीत फोन हा तिच्या लौकिकाला, म्हणजे पर्यायाने तिच्या विवाहाला धोका मानला जातो. विवाहित स्त्रीच्या बाबतीत तो घरकामात व्यत्यय मानला जातो. म्हणजे वय बदलते, कारण बदलते आणि निर्बंध तसाच राहतो. आपल्याकडील 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न याच पहिल्या कारणाचे मराठी रूप होय. अनेक वडिलांचा स्वतःच्या मुलीवर पूर्ण विश्वास असतो. परंतु 'मुलीच्या हाती मोबाइल दिला का?' या नातेवाइकांच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे बळ त्यांच्याकडे नसते.

जुन्या वादाचे नवे रूप

स्त्रीच्या हाती संपर्काचे साधन येण्याविषयीची ही चिंता महाराष्ट्राला नवी नाही. १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा विरोध झाला तो केवळ शाळेच्या इमारतीला किंवा शिक्षकांच्या जातीला नव्हता. लिहिता-वाचता येणारी स्त्री घराच्या नजरेपलीकडच्या जगाशी संबंध जोडू शकेल, ही भीतीही त्यामागे होती. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत पतीच्या प्रोत्साहनाने शिकत असताना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून झालेल्या विरोधाचे वर्णन केले आहे. निर्बंध घालणारे प्रौढ नेहमी पुरुषच असतात असे नाही, हे त्यातून दिसते. ज्यांना स्वतःला ते साधन नाकारले गेले, त्याच पुढील पिढीच्या पहारेकरी होतात.

आज मुलीला अक्षर नाकारावे, असे कोणी म्हणत नाही. भंडारा जिल्ह्यात तर २०११ च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया होत्या, तर राज्याचे प्रमाण ९२९ होते. मुलीचा जन्म आणि तिचे शालेय शिक्षण या भागाने तुलनेने स्वीकारलेले आहे. अशा ठिकाणीही भ्रमणध्वनीच्या बाबतीत हात आखडतो, याचा अर्थ शिक्षणाला दिलेली मान्यता आणि स्वातंत्र्याला दिलेली मान्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत.

गाव आणि समाज : तीन निर्णय

घराबाहेरील प्रौढ सामूहिक निर्णय घेतात तेव्हा काय होते, याची तीन उदाहरणे बोलकी आहेत.

पहिले उदाहरण गुजरातमधील. २०१९ च्या जुलै महिन्यात बनासकांठा जिल्ह्यातील दांतीवाडा तालुक्याच्या बारा गावांतील ठाकोर समाजाच्या मंडळींनी अविवाहित मुलींनी मोबाइल बाळगू नये, असा ठराव केला. मुलीकडे फोन आढळल्यास वडिलांना दीड लाख रुपये दंड करण्याचेही त्यात सुचविले होते. येथे निर्बंध थेट मुलींवर, तोही त्या अविवाहित आहेत म्हणून घातला गेला.

दुसरे उदाहरण विदर्भातील. यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी या गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुला-मुलींच्या मोबाइल वापरावर बंदी घालण्याचा ठराव केला. करोना काळात लागलेली सवय आणि अभ्यासाकडे होणारे दुर्लक्ष ही त्यामागील कारणे होती. येथे लिंगभेद नाही, वयाचा निकष आहे. मात्र निर्णय प्रौढांचा आणि बंधन केवळ मुलांवर, अशी ही रचना होती.

तिसरे उदाहरण सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावचे. तेथे २०२२ सालापासून रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजविला जाऊ लागला आणि दीड तास घराघरांतील दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली. हे बंधन मुलांइतकेच प्रौढांनाही लागू होते. विशेष म्हणजे रमाबाई रानडे यांचे जन्मगाव देवराष्ट्रे हेही याच तालुक्यात येते.

हे तीन निर्णय वरवर पाहता सारखे वाटले, तरी त्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व वेगळे आहे. पहिला निर्णय 'कोण' या प्रश्नावर, दुसरा 'कोणत्या वयात' या प्रश्नावर आणि तिसरा 'केव्हा' या प्रश्नावर आधारलेला आहे. मुलीच्या दृष्टीने पाहिल्यास तिसऱ्या निर्णयात तिच्याविषयी अविश्वास नाही. सात वाजता आईचीही मालिका बंद होते आणि वडिलांचाही फोन बाजूला राहतो, म्हणून तो नियम तिला शिक्षा वाटण्याचे कारण उरत नाही.

शाळा, वसतिगृह आणि न्यायालय

शिक्षणसंस्थांची भूमिका अनेकदा परस्परविरोधी राहिली आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ साली शाळांतील मोबाइल वापरावर निर्बंध आणण्याच्या सूचना दिल्या होत्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ज्या वस्तूला शाळेच्या फाटकावर अडविले जात होते, तीच वस्तू शाळा झाली. महाराष्ट्रात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हा उपक्रम राबविला गेला. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही मालिका दाखविण्यात आली, ती अनेक घरांत स्मार्टफोन नव्हता म्हणूनच. शाळा पुन्हा उघडल्यानंतर गृहपाठाचे समूह तसेच राहिले, आणि 'मोबाइल वापरू नका' हा उपदेशही तसाच राहिला. शिक्षक सकाळी एक सांगतात आणि सायंकाळी समूहावर दुसरे पाठवितात, तेव्हा या दोहोंतील अंतर मुलीला घरी एकटीने सांभाळावे लागते.

युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात शाळांतील स्मार्टफोनमुळे होणाऱ्या लक्षविचलनाची दखल घेण्यात आली असून, तंत्रज्ञानाचा वापर विद्यार्थ्यांच्या हिताच्या अटींवर व्हावा, अशी भूमिका मांडली आहे. घाना, मलावी आणि दक्षिण आफ्रिका या देशांतील चोवीस ठिकाणी जीना पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात वर्गातील व्यत्ययाला विद्यार्थ्यांच्या फोनबरोबरच शिक्षकांचे स्वतःचे फोनही कारणीभूत असल्याचे आढळले. प्रौढ जे सांगतात त्यापेक्षा ते जे करतात त्यातून मुले अधिक शिकतात, हे अध्यापकांनी विसरता कामा नये.

या संदर्भात केरळ उच्च न्यायालयाचा १९ सप्टेंबर २०१९ चा निर्णय महत्त्वाचा आहे. 'फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य' या प्रकरणात एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी सहा ते रात्री दहा या अभ्यासाच्या वेळेत भ्रमणध्वनी वापरण्यास मनाई करण्यात आली होती. हा नियम न मानल्यामुळे वसतिगृहातून काढलेल्या विद्यार्थिनीने न्यायालयात दाद मागितली. इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या हक्काचा आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने मानले आणि तिला पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. शिस्त लावण्याचा संस्थेचा अधिकार न्यायालयाने नाकारलेला नाही. शिस्तीच्या नावाखाली ज्ञानाचा मार्ग बंद करता येणार नाही, एवढे मात्र त्यातून स्पष्ट झाले.

परवलीचा क्रमांक कोणाच्या हाती?

भ्रमणध्वनीची चर्चा करमणूक आणि गैरवापर यांभोवतीच फिरते. त्यामुळे एक महत्त्वाची बाब नजरेआड होते. शैक्षणिक प्रवासाचे जवळजवळ प्रत्येक दार आज एका क्रमांकाने उघडते. महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज, विद्यापीठाची नोंदणी, प्रवेश परीक्षेचे अर्ज या सर्वांना ओटीपी लागतो. शैक्षणिक वर्ष २०२५-२६ पासून अकरावीची प्रवेश प्रक्रियाही राज्यभर ऑनलाइन करण्यात आली. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक उच्च शिक्षणाच्या शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय घेतला. या सवलतीचा मार्गही ऑनलाइन अर्जातूनच जातो.

समजा, एखाद्या मुलीच्या आधार क्रमांकाशी वडिलांचा भ्रमणध्वनी जोडलेला आहे आणि वडील निर्माणीत पाळीवर आहेत. स्फोटकांची निर्मिती होते तेथे भ्रमणध्वनी आत नेण्यास मज्जाव असतो. मुलगी सेतू केंद्रात किंवा महाविद्यालयाच्या कार्यालयात अर्ज भरण्यास बसली आहे, परवलीचा क्रमांक मात्र वडिलांच्या फोनवर जाऊन काही मिनिटांत बाद होतो. हीच अडचण शेतावर गेलेल्या किंवा नागपूरला मजुरीला गेलेल्या वडिलांच्या मुलीलाही येते. अर्ज उद्यावर जातो, उद्याची मुदत परवावर जाते आणि शेवटच्या दिवशी संकेतस्थळ संथ होते. शिष्यवृत्ती हुकली तर कारण म्हणून 'मुलीने वेळेत अर्ज भरला नाही' असे नोंदविले जाते. प्रत्यक्षात तिच्या शिक्षणाची किल्ली तिच्या हाती नव्हती, ही गोष्ट कोणत्याही नोंदीत येत नाही.

कायदाही या दिशेने प्रौढांची जबाबदारी वाढवीत आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, संमतीविषयक तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. बालकांच्या संरक्षणाचा हा हेतू योग्यच आहे. परंतु जेथे मुलाला संमती सहज मिळते आणि मुलीला मिळत नाही, तेथे समान कायद्याचा परिणाम असमान होण्याची शक्यता राहते. संमती देणाऱ्या पालकांचे प्रबोधन झाले नाही, तर संरक्षणाचे कलम अडथळ्याचे कलम होईल.

भीती आणि मौन

प्रौढांची भीती निराधार आहे, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. छायाचित्रांत फेरफार करून धमकावणे, खोट्या नावाने ओळख वाढविणे, पाठलाग, अश्लील संदेश हे प्रकार घडतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० आणि लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ यांत त्यासंबंधी कठोर तरतुदी आहेत. पालकाला वाटणारी काळजी खरी आहे. प्रश्न तिच्यातून निघणाऱ्या उपायाचा आहे.

धोका उद्भवल्यावर मुलीने कोणाकडे जावे? येथेच निर्बंधाचा सर्वांत गंभीर परिणाम दिसतो. एखाद्या मुलीला अनोळखी क्रमांकावरून त्रासदायक संदेश येऊ लागले, तर तिच्यासमोर दोन मार्ग असतात. घरी सांगितल्यास फोन काढून घेतला जाईल, कदाचित बाहेरगावचे महाविद्यालय बंद होईल, कदाचित लग्नाची घाई सुरू होईल. न सांगितल्यास त्रास देणाऱ्याचे बळ वाढेल. पहिल्या मार्गाची किंमत तिला ठाऊक असते, म्हणून ती दुसरा मार्ग धरते. त्रास देणाऱ्यालाही हे पक्के ठाऊक असते. 'घरी सांगेन' ही धमकी मुलीने त्याला द्यावयास हवी, परंतु प्रत्यक्षात तोच ती मुलीला देतो. घरातील प्रौढांची कठोरता अशा रीतीने अपराध्याचे शस्त्र बनते.

लपून वापरण्याचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. बंदी असलेल्या घरातील मुलगी फोन वापरतच नाही, असे नसते. ती मैत्रिणीचा वापरते किंवा कोणीतरी गुपचूप दिलेला वापरते. दुसऱ्याने दिलेल्या फोनबरोबर देणाऱ्याचे उपकारही येतात, आणि आफ्रिकेतील उपरोक्त अभ्यासांतही प्रौढ पुरुषांकडून मुलींना मिळणाऱ्या अशा भेटींकडे काळजीने पाहिले गेले आहे. वडिलांनी नाकारलेला फोन कोण देईल, हा विचार वडिलांनीच करावयास हवा.

नियम कसा असावा?

जवाहरनगर परिसराला या प्रश्नाचे उत्तर दूर शोधण्याची आवश्यकता नाही. आयुध निर्माणीतील कामगार भ्रमणध्वनी बाहेर ठेवून आत जातो आणि त्यात त्याला अपमान वाटत नाही. त्याची कारणे स्पष्ट आहेत. हा नियम व्यक्तीवर नसून जागेवर आहे. तो अधिकाऱ्यालाही लागू आहे आणि कामगारालाही. त्यामागील धोका प्रत्येकाला समजावून सांगितलेला असतो. पाळी संपली की नियमही संपतो. आणि काही अनुचित घडल्यास त्याची माहिती दडवून न ठेवता तत्काळ देणे हा सुरक्षिततेचा पहिला धडा मानला जातो. २४ जानेवारी २०२५ रोजी या निर्माणीत झालेल्या स्फोटात आठ जणांना प्राण गमवावे लागले. धोका म्हणजे काय, हे या वसाहतीला वेगळे सांगावे लागत नाही. आणि अशा दिवशी शाळेत असलेल्या मुलीला घरची खबर कळण्याचे साधन कोणते, हाही प्रश्न त्या दिवसाने उभा केला आहे.

जो पिता निर्माणीच्या फाटकावर असा नियम रोज पाळतो, त्याच्या घरातील नियम मात्र व्यक्तीवर आधारलेला असतो. तो मुलीला लागू आणि मुलाला नाही. त्याचे कारण सांगितले जात नाही, त्याची मुदत ठरलेली नसते आणि चूक कबूल करणाऱ्याला शिक्षा होते. सुरक्षिततेची जी तत्त्वे कामाच्या ठिकाणी मान्य आहेत, ती घरी लागू करणे एवढाच खरा प्रश्न आहे. जेवताना, अभ्यासाच्या वेळी आणि रात्री झोपताना फोन एका ठरलेल्या जागी ठेवावा, हा नियम सर्वांना लागू असेल तर तो मुलगीही आनंदाने पाळेल.

अध्यापकांसमोरील कार्य

महाविद्यालयीन अध्यापक हा मुलीच्या जीवनातील असा प्रौढ आहे, ज्याच्या शब्दाला पालकांच्या दृष्टीने वजन असते आणि ज्याला नात्यागोत्याच्या दडपणाची अडचण नसते. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थिनी १८ वर्षांखालील असल्याने हे उत्तरदायित्व कायदेशीरही आहे. २०१२ च्या अधिनियमानुसार बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती असलेल्या व्यक्तीने ती यंत्रणेस कळविणे बंधनकारक आहे. या दृष्टीने पुढील बाबी विचारार्ह वाटतात.

पहिली, केवळ समूहावर दिलेली सूचना ही 'दिलेली सूचना' मानू नये. तीच सूचना फलकावरही असावी. दुसरी, पालक मेळाव्यात भ्रमणध्वनीच्या दुष्परिणामांवर भाषण देण्याऐवजी खाते खासगी कसे करावे, तक्रार कोठे करावी याचे प्रात्यक्षिक मातांना व मुलींना एकत्र बसवून द्यावे. सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि बालकांसाठी १०९८ हे मदत क्रमांक त्यांच्या फोनमध्ये तेथेच नोंदवून घ्यावेत. तिसरी, प्रवेश व शिष्यवृत्तीच्या काळात महाविद्यालयाने मदत कक्षाची वेळ पालकांच्या कामाच्या वेळा पाहून ठरवावी. चौथी, शाळांमध्ये मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने स्थापन झालेल्या सखी सावित्री समित्यांशी महाविद्यालयाच्या तक्रार निवारण समितीने संपर्क ठेवावा. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, तक्रार घेऊन आलेल्या मुलीला 'तू फोन का वापरलास?' हा प्रश्न प्रथम विचारू नये. त्या एका प्रश्नाने तिच्यानंतर येऊ शकणाऱ्या अनेक मुलींसाठी दार बंद होते.

समारोप

शाळकरी मुलींचा भ्रमणध्वनी वापर हा तंत्रज्ञानाचा विषय वाटत असला, तरी तो मूलतः विश्वासाच्या वाटपाचा विषय आहे. साधन घराघरांत पोहोचले, परंतु त्यासोबत द्यावयाचा विश्वास आणि शिकवण यांचे वाटप मुलगा व मुलगी यांत समान झालेले नाही. प्रौढांनी आपली भूमिका सोडावी, असा याचा अर्थ नाही. पहारेकऱ्याची भूमिका सोडून मार्गदर्शकाची भूमिका घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ आहे. नियम जागेवर आणि वेळेवर असावेत, व्यक्तीवर असू नयेत. ते सर्वांना समान असावेत, त्यांचे कारण सांगितलेले असावे, आणि संकटात सापडलेल्या मुलीला घरी व महाविद्यालयात सर्वप्रथम आधार मिळावा. एवढे झाले तरी ती सायंकाळी आलेला त्रासदायक संदेश रात्री लपविण्याऐवजी आईला दाखवू शकेल. मुलीच्या सुरक्षिततेची खरी कसोटी तीच होय.